कण्ट्रोल-पी, धुळं

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी गेमर नाही. ऑफिसात लंच टाइमला पोरं ‘लेव्हल’, ‘लूट’, ‘रँक’ असं काहीबाही बोलायला लागली की मी डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जाते. मोबाइलवर सापाचा गेम खेळले तेवढंच. त्यामुळे एका शनिवारी रात्री दीड वाजता, पुण्यातल्या माझ्या वन-बीएचकेमध्ये, मी एका व्हिडिओ गेमचा नकाशा एक्स्पोर्ट करत बसले होते असं कुणाला सांगितलं तर माझ्या मैत्रिणी कपाळाला हात लावून ताप बघतील.

पण बसले होते खरी. आणि त्याला कारण आजी.

आजी सध्या जळगावला आमच्याकडे असते. वय शहाऐंशी, तब्येत ठणठणीत, जीभ त्याहून ठणठणीत. फक्त डोळे गेलेत. काचबिंदू. उजेड आणि अंधार कळतो, समोर कुणीतरी उभं आहे हे कळतं, बाकी सगळं धुकं. तिचं आयुष्य गेलं धुळ्याच्या घरात. पासष्ट वर्षं! ते घर आम्ही २०२२ मध्ये विकलं आणि २०२३ च्या उन्हाळ्यात बिल्डरने पाडलं. त्या जागी आता खाली दुकानं आणि वर फ्लॅट.

गेल्या दिवाळीला मी घरी गेले तर आजी पलंगावर बसून चादरीवर बोट फिरवत होती. मी म्हटलं, आजी काय करतेस? तर म्हणाली, ओसरीतून माजघरात जाताना पायरी उजवीकडे होती की डावीकडे, तेवढं लावून बघतेय. आठवत नाहीये.

पासष्ट वर्षं जी पायरी चढली ती आठवत नाहीये, याचा तिला राग आला होता. वाईट नाही, राग.

मी हुशारी केली. मोबाइल काढला, जुने फोटो शोधले. आणि मग मोबाइल हातात धरून तशीच उभी राहिले. फोटो दाखवणार कुणाला?

रात्री धाकट्याला फोन लावला. धाकटा म्युनिकला असतो, मशीनच्या कंपनीत. त्याला हे सगळं सांगितलं, उगाच, मन मोकळं करायला. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “ताई, घर आहे ना माझ्याकडे.”

“कुठलं घर?”

“धुळ्याचं. माइनक्राफ्टमध्ये. मी अकरावीत बांधलं होतं, विसरलीस?”

साफ विसरले होते. २०१४ ची दिवाळी. अप्पा तेव्हा नोकरीसाठी जळगावला, पण दिवाळी धुळ्याला हा नियम. पारोळा-एरंडोलमार्गे नव्वदेक किलोमीटरचा प्रवास, एसटीत ओकाऱ्या, आणि पोचल्यावर आजीच्या हातचे खापरावरचे मांडे. त्या दिवाळीत हे कार्टं हातात टेप घेऊन घरभर फिरत होतं. आम्हाला वाटलं, पोराला आर्किटेक्ट व्हायचंय. आई चक्क खूश झाली होती! तो मापं घेत होता ती गेमसाठी, हे नंतर कळल्यावर जे काही झालं ते इथे छापण्यासारखं नाही.

ज्यांना माहीत नाही (म्हणजे माझ्यासारखे) त्यांच्यासाठी थोडक्यात. माइनक्राफ्ट हा स्वीडनमधला गेम. मार्कस पेर्सन नावाच्या प्रोग्रामरने २००९ मध्ये लोकांसमोर आणला, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी मोजांग ही कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. त्यात जग ठोकळ्यांचं असतं. ठोकळे फोडा, ठोकळे रचा. बस्स. लहानपणी आपण काडेपेट्यांचं घर करायचो तसं, फक्त काडेपेट्या संपत नाहीत. गंमत म्हणजे सरकारी खात्यांनीही ते मनावर घेतलं. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हेने २०१३ मध्ये अख्खं ग्रेट ब्रिटन २२ अब्ज ठोकळ्यांत मांडलं, पुढच्या वर्षी डेन्मार्कने आपला अख्खा देश. संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅटने २०१२ पासून ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ नावाचा उपक्रम चालवला, त्यात वस्तीतली माणसंच आपली बाग, आपलं मैदान कसं हवं ते या गेममध्ये बांधून दाखवतात. केनिया, हैती, नेपाळ... आणि आमच्या धाकट्याने धुळं.

आमचं घर या गेमला अगदी फिट्ट बसणारं. खान्देशातलं जुनं धाब्याचं घर. सागाच्या तुळया, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर, आणि वर सपाट गच्ची. उतरती कौलं असती तर ठोकळ्यांत जमवताना घाम निघाला असता, असं धाकटा म्हणतो. शिवाय धुळ्याच्या जुन्या पेठेचं म्हणाल तर तीही चौकोनी वहीसारखी. १८१८ मध्ये पेशवाई गेली, कॅप्टन ब्रिग्ज खान्देशचा कारभार बघायला आला आणि त्याने धुळ्यात सरळसोट रस्त्यांची नवी पेठ आखली. गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर! गल्ली नंबर एक, दोन, तीन... पुण्यात मी पत्ता सांगते तेव्हा लोकांना वाटतं मी चेष्टा करतेय.

एक ठोकळा म्हणजे एक मीटर, हा गेमचा हिशोब. पण आमच्या भिंती दोन फूट जाडीच्या. म्हणून धाकट्याने स्वतःचं प्रमाण धरलं होतं : एक ठोकळा म्हणजे दोन फूट. आमचा भाग अठरा फूट रुंद, साठ फूट लांब. म्हणजे नऊ ठोकळे बाय तीस.

“पण ते आजी बघणार कसं?” मी विचारलं.

“बघणार नाही. हात लावणार. थ्री-डी प्रिंट काढ ना.”

जसं काही झेरॉक्सच काढायची होती.

तर पहिली पायरी, फाइल मिळवणं. धाकट्याचा जुना कम्प्युटर जळगावच्या घरी माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलाखाली. सुरूच होईना. हार्ड डिस्क काढून गोलाणी मार्केटला नेली. ज्यांनी गोलाणी पाहिलं नाही त्यांना कसं सांगू? मोबाइल आणि कम्प्युटरची दुकानं एकाला एक चिकटून, आणि कुठलीही मेलेली वस्तू तिथे जिवंत होते. एका पोराने डिस्क डब्यात बसवली, केबल लावली आणि मला म्हणाला, “मॅडम, डेटा सेफ शे.” त्याने मागितले त्याच्या दुप्पट द्यावेसे वाटले. दिले नाहीत.

डिस्कमध्ये ‘सेव्हज’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘धुळे फायनल’, ‘धुळे फायनल २’ आणि ‘धुळे खरंच फायनल’ अशी तीन जगं होती. इंजिनीअर घडत होता म्हणायचा! गेम उघडून बघावं तर तेही शक्य नव्हतं. जुन्या पद्धतीची अकाउंट नव्या अकाउंटवर हलवायची मुदत सप्टेंबर २०२३ मध्येच संपलेली, आणि धाकटा तेव्हा म्युनिकमध्ये घर शोधत होता. मी हातपाय गाळले. पण धाकटा म्हणाला की गेम लागतच नाही. माइनवेज लागेल.

माइनवेज हे एक छोटंसं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. ते गेमला हात लावत नाही. गेमने डिस्कवर जे जग लिहून ठेवलंय त्या फाइली थेट वाचतं आणि त्याचा नकाशा दाखवतं. मग तुम्हाला हवा तो तुकडा निवडायचा आणि तो थ्री-डी मॉडेल म्हणून बाहेर काढायचा. एरिक हेन्स नावाच्या गृहस्थाने ते २०११ पासून बनवत, सुधारत आणलंय. हा माणूस म्हणजे कुणी हौशी पोरगा नव्हे. कम्प्युटर ग्राफिक्सवाल्यांचं पोथीसारखं एक पुस्तक आहे, ‘रिअल-टाइम रेंडरिंग’, त्याच्या लेखकांपैकी तो एक. एवढ्या मोठ्या माणसाने पोरांच्या ठोकळ्यांसाठी फुकटात इतकी वर्षं राबावं, याचं मला फार अप्रूप वाटलं. अकरा वर्षांपूर्वीचं जगसुद्धा त्याचं सॉफ्टवेअर निमूट वाचतं. आमच्या ऑफिसचं सॉफ्टवेअर मागच्या महिन्यातली एक्सेल वाचताना कुरकुरतं.

पुण्याला परत आले आणि शनिवारी रात्री बसले. इन्स्टॉल करायचं म्हणजे नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश, अशी माझी समजूत. इथे तसलं काहीच नाही. एक झिप फाइल उतरते, त्यात प्रोग्राम. मी झिपच्या आतूनच प्रोग्रामवर डबल-क्लिक केलं. कम्प्युटरने आधी निळी पाटी दाखवली की बनवणारा ओळखीचा नाही, सांभाळून. ती ओलांडली. खिडकी उघडली. आणि पुढे एक्स्पोर्ट करताना तक्रार, की अमुक चित्राची फाइल सापडत नाही.

पाऊण तास गेला हो यात! चूक माझीच. झिप नीट उलगडून, सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये एकत्र ठेवायच्या असतात. ठोकळ्यांची चित्रं ज्या फाइलीत असतात ती प्रोग्रामच्या शेजारीच लागते. डबा उघडला पण पोळी भाजीबरोबर आणलीच नाही, तसलं काम. तुम्ही कधी करणार असाल तर हे एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळं सोपं आहे.

मग ‘ओपन’ करायचं. आपलं जग गेमच्या नेहमीच्या फोल्डरमध्ये नसेल तर त्या जगातली ‘लेव्हल डॉट डॅट’ ही फाइल दाखवायची. दाखवली. स्क्रीनभर हिरवं झालं. नुसतं हिरवं. धाकट्याने सपाट, मोकळं जग घेतलं होतं, आणि मी त्या अमर्याद गवतात माउस ओढत आमचं घर शोधत होते. डावीकडे गवत, उजवीकडे गवत. म्युनिकला तेव्हा रात्रीचे साडेनऊ. तो जेवत होता. म्हणाला, “मेन्यूत ‘जम्प टू प्लेयर’ आहे बघ. खेळाडू शेवटी जिथे होता तिथे नेईल.”

क्लिक केलं. नकाशा सरकला आणि स्क्रीनच्या मधोमध एक लांबट, तपकिरी चौकोन आला.

वरून बघितलेलं आमचं धाबं. त्यावर उजेडासाठी ठेवलेला तो झरोका, त्याला काचेचा एक ठोकळा. परसातली मोरी. तुळशीवृंदावन, एक हिरवा ठिपका. हे पोरगं शेवटचा खेळ बंद करताना गच्चीवर उभं होतं, स्वयंपाकघराच्या बरोबर वर. उन्हाळ्यात आम्ही तिथेच गाद्या टाकायचो.

“सापडलं का?” धाकट्याने विचारलं.

“हं.”

“रडतेयस का?”

“गप रे. पुढे काय करू सांग.”

पुढे निवड. माउसचं उजवं बटण दाबून चौकोन ओढायचा. ओढला आणि लगेच पाटी, साधारण अशा अर्थाची : तुम्ही निवडलेल्या भागातलं सगळंच ठरवलेल्या खोलीच्या खाली आहे, खोली बदलू का? मी दोनदा वाचलं. माझ्या डोक्यात खोली म्हणजे माजघर, स्वयंपाकघर. त्याला म्हणायचं होतं जमिनीत किती खोल! नेहमीच्या जगात समुद्रसपाटीच्या आसपासपासून वरचं घ्यायचं असतं, सपाट जगात मात्र जमीनच अगदी तळाशी असते. खिडकीच्या वरच्या बाजूला दोन सरकपट्ट्या आहेत, एक उंचीची, एक खोलीची. खालची पट्टी जमिनीच्या एक थर खाली आणली. तो एक थर घ्यायलाच हवा, नाहीतर भिंतींना धरून ठेवायला खाली काही उरत नाही.

मग कण्ट्रोल-पी. थ्री-डी प्रिंटसाठी एक्स्पोर्ट. इथे चौकटींची जत्रा. एक ठोकळा किती मिलिमीटरचा? पाच लिहिले. म्हणजे पाच मिलिमीटरला दोन फूट. घर साडेचार सेंटिमीटर बाय पंधरा झालं. हवेचे बंद कप्पे भरायचे का? दारं-खिडक्यांची तोंडं बुजवायची का? तरंगणारे तुकडे काढून टाकायचे का? मला काय कळतंय? अक्कल नसली की आपण सगळ्याच चौकटींत टिक करतो. ऑफिसात अप्रेझलच्या फॉर्ममध्येही मी तेच केलं होतं.

एसटीएल फाइल तयार झाली. ऑफिसमधल्या एका मित्राकडे प्रिंटर आहे, कोथरूडला. त्याने रविवारी लावलं, आठ-नऊ तास चाललं. संध्याकाळी हातात घर. राखाडी रंगाचं, पट्टीपट्टीचं, पण घर. ओटा, दार, गच्चीचा कठडा. मी ते टॉवेलात गुंडाळून पुढच्या वीकेण्डला जळगावला नेलं. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये मांडीवर.

आजीच्या हातात दिलं. तिने आधी वजन बघितलं. मग बोटं फिरवली. ओटा सापडला, दार सापडलं. चेहरा खुलला. मग तिने दारातून बोट आत घालायचा प्रयत्न केला. गेलं नाही. गच्चीवर बोट फिरवलं, झरोका शोधला. तोही बंद. मग नखाने टकटक केलं.

“हाऊ ते ठोकया शे,” ती म्हणाली. आणि मला वाईट वाटू नये म्हणून लगेच जोडलं, “छान आहे गं.” मराठीत. आजी माझ्याशी मराठीत बोलायला लागली की समजायचं, पाहुणी म्हणून वागवतेय.

मी टिक केलेल्या चौकटींनी केलेला उद्योग. दारं बुजवायची का? हो. बुजवली. दारं बुजल्यावर आतल्या सगळ्या खोल्या म्हणजे हवेचे बंद कप्पे. बंद कप्पे भरायचे का? हो. भरले. प्रिंटरच्या दृष्टीने हे शहाणपणच आहे, आतल्या पोकळीत काही अडकत नाही. पण आमचं घर आतून भरीव झालं होतं. आत कुणी राहिलंच नव्हतं असं.

त्या रात्री अप्पांच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी परत बसले. चौकटींतल्या खुणा काढता येत होत्या, पण तरी वर छप्पर राहणारच, आणि आजीचं बोट दारातून जाणार नाही ते नाहीच. मग सुचलं. (मला सुचलं, धाकट्याला नाही, याची नोंद घ्यावी.) उंचीची पट्टी! ती खाली ओढली, दोन पायऱ्या. नकाशावरचं धाबं गायब झालं आणि आतल्या खोल्या उघड्या पडल्या. ओसरी, माजघर, त्यातला कोनाडा. कुणी झाकण उघडावं तसं. वरून बोट घालता येईल असं घर.

एक नुकसान झालं. ओसरीत झोपाळा होता, धाकट्याने तो कुंपणाच्या काठ्या वापरून छताला टांगला होता. छप्पर कापलं तसा झोपाळा हवेत लोंबकळला, आणि ‘तरंगणारे तुकडे काढा’ यावर टिक असल्याने तो उडाला. ती चौकट रिकामी केली तर प्रिंटरवर तो टिकणार नाही, असं मित्राचं म्हणणं. झोपाळा गेला. धाकट्याला सांगितलं तर तो फोनवर चक्क चिडला. “त्याला मला दोन तास लागले होते, ताई!” अकरा वर्षांनी!

दुसरं घर मी पुढच्या महिन्यात नेलं. यावेळी आजीने काही न बोलता दारातून सुरुवात केली. मधलं बोट आत ठेवलं आणि चालायला लागली. हो, चालायलाच. ओट्यावरून ओसरीत. ओसरीत थांबली. झोपाळ्याची चौकशी केली नाही, हे माझं नशीब. पुढे सरकली, माजघराची पायरी लागली. डावीकडे! धाकट्याने पायरी डावीकडे केली होती. “डावीकडेच व्हती,” आजी म्हणाली आणि अप्पांकडे मान वळवली, जणू अप्पांनीच इतके दिवस उजवीकडे सांगितली होती.

अप्पा दारात उभे होते. काही बोलले नाहीत.

आजीचं बोट माजघरातून मागे गेलं, स्वयंपाकघरात, आणि तिथून उजवीकडे वळलं. भिंतीला लागलं. तिने परत वळवलं. परत भिंत. मग तिने बोट भिंतीवर वर चढवलं आणि पलीकडे उतरवलं. पलीकडे काही नव्हतं. माझ्या चौकोनाची हद्द संपली होती, बोट पलंगावर टेकलं.

“चूल कोठे शे?” तिने विचारलं.

इथे मला थोडं मागे जायला हवं. आमचं घर मुळात छत्तीस फूट रुंदीचं. १९९१ मध्ये वाटणी झाली, अप्पा आणि नाना या दोन भावांत. मधोमध लांबीला भिंत घातली. आमच्या वाट्याला आलं त्यात नवं स्वयंपाकघर करावं लागलं, कारण जुनं, आजीचं, चुलीचं, खापराचं, ते भिंतीपलीकडे नानांकडे गेलं. आजीही तिकडेच राहिली. धाकट्याचा जन्म १९९८ चा. त्याच्यासाठी भिंत म्हणजे घराचं टोक. टेप घेऊन तो भिंतीपर्यंत गेला आणि थांबला. मांडे खायला रोज पलीकडे जायचा, पण मापायला गेला नाही. मी त्याला विचारलं तर म्हणाला, “ते आपलं नव्हतं ना.” सोळा वर्षांच्या पोराने तेवढं बरोब्बर ओळखलं होतं.

२०२२ मध्ये विकायची वेळ आली तेव्हा रस्त्याची बाजू कुणाकडे किती, यावरून जे व्हायचं ते झालं. नाना वर्षभरात गेले. नानांचा मुलगा, आमचा दादा, तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसलेल्या फ्लॅटमध्ये राहायला गेला, म्हणून आजी आमच्याकडे आली. तेव्हापासून अप्पा आणि दादा बोलत नाहीत. मीही नाही. मला काही झालं नव्हतं, फक्त फोन करायचं राहून गेलं आणि मग करणं अवघड झालं. हे कसं होतं ते तुम्हाला सांगायला नको.

मी तरी नकाशा उघडला आणि चौकोन मोठा केला. उजवीकडे नऊ ठोकळे आणखी. आशा होती की धाकट्याने काहीतरी, निदान चार भिंती... नाही. हिरवं गवत. भिंतीला लागून लगेच गवत.

गेम विकत घेतला मी. धाकट्याने आधी फोल्डरची कॉपी करून ठेवायला लावली, जुनं जग नव्या आवृत्तीत उघडलं की ते बदलतं म्हणून. ठोकळा कसा ठेवायचा, कसा फोडायचा हे शिकायला एक रविवार गेला. आमच्या टेबलावरची पोरं लंच टाइमला आता मला टिप्स देतात, डबा घेऊन मीच त्यांच्याकडे जाते. पण बांधणार काय? नानांच्या स्वयंपाकघराची लांबी-रुंदी माझ्याकडे नाही. चूल कोपऱ्यात होती की मधल्या भिंतीला, खापर ठेवायचा कोनाडा किती उंचीवर, परसात उतरायचं दार कुठे. आजीला विचारलं तर ती हाताने दाखवते, “एवढं.” अप्पांना विचारलं तर ते पेपर उघडतात.

शेवटी परवा दादाला फोन केला. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून, कारण तिथे रेंज आणि हिंमत दोन्ही बरी असते. तीन रिंग झाल्या, मला वाटलं उचलणार नाही. उचलला. मी इकडचं-तिकडचं न बोलता एकदम सांगून टाकलं, की आजीसाठी घर करतेय, ठोकळ्यांचं, तुमच्या बाजूची मापं पाहिजेत.

पलीकडून नुसता ट्रॅफिकचा आवाज. आग्रा रोडवर असावा.

“ओट्याला पायऱ्या किती धरल्यास?” त्याने विचारलं.

“पाच.”

“तुमच्याकडे पाच. आमच्याकडे चार होत्या, तिकडचा रस्ता वर आलाय. थांब, रात्री बसतो, कागदावर काढून पाठवतो. आणि ऐक, चुलीमागची भिंत काळी कर. त्यात काळा रंग मिळतो का?”

मी म्हटलं, मिळतो.